तवा तापलाच नव्हता!

वीकेण्डला रत्नागिरीला घरी गेले होते. आईला म्हटलं, आज स्वयंपाकाला सुट्टी, पिझ्झा खाऊ. तिचा आयुष्यातला पहिलाच! एसी, गुळगुळीत मेनूकार्ड, सगळं एकदम चकाचक. पाऊण तासाने पिझ्झा आला. मधोमध ओलसर, कडा पुठ्ठ्यासारख्या. चीज ताणलं तर तार नाही, तुकडाच हातात. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, थिन क्रस्ट असाच असतो." मी अशी वैतागले!

आईने शांतपणे दोन घास खाल्ले. "अगं, यांचा तवा तापलाच नव्हता." रोज घावन घालणारी बाई ती, तिला थर्मामीटर कशाला? नेपल्समध्ये लाकडाची भट्टी ४८५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर! (युनेस्कोने २०१७ मध्ये ही कला वारसा यादीत घेतली, ती उगाच नाही.) भट्टी गार असली की बेस भाजत नाही, नुसता वाळतो.

उरलेले चार तुकडे आईने पार्सल करून घेतले. पैसे मोजलेत ना! रात्री बिडाच्या तव्यावर झाकण ठेवून भाजले. चीज तसंच रबरी, पण कडा चक्क कुरकुरीत. वर विचारते कशी, "पुढच्या वेळी कुठे जायचं?"