सलामी मोजायची की परत करायची?

आमचे शापाय उजव्या कानाने जवळजवळ बहिरे होते. शापाय म्हणजे आजोबा, मम्मीचे वडील. सावंतवाडीच्या शाळेतून सातवी-आठवी करून ते नौदलात गेले, तोफखान्याच्या शाखेत खलाशी झाले आणि पेटी ऑफिसर म्हणून घरी परतले. बरीच वर्षं ते जहाजावरच्या सलामीच्या तोफांवर होते. लहानपणी मी त्यांना विचारायचे, "शापाय, तुमचा कान कशाने गेला?" ते म्हणायचे, "मोठ्या लोकांना नमस्कार करून करून."

गेल्या पावसाळ्यात शापाय गेले. चर्चची घंटा वाजली, कोंफ्रारियेची माणसं आली, छत्र्यांखाली आम्ही त्यांना सिमितेरीत पोचवलं. घरी आल्यावर मोठा मामा एकदम भडकला. काही महिन्यांपूर्वी आमच्याच भागातल्या एका पुढाऱ्याला पोलिसांनी बंदुकीच्या फैरी झाडून निरोप दिला होता. मामा म्हणाला, "आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांसाठी तोफा उडवल्या, त्याच्यासाठी एक साधा बार नाही?" खोलीत कुणी काही बोललं नाही. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. घरात मराठी लिहिणारी मीच. अर्ज तू लिही म्हणाले.

मी अर्ज लिहायला घेतला, आणि अर्जात चूक नको म्हणून सलामीचे नियम वाचायला लागले. तो अर्ज अजून माझ्याकडेच आहे. तो का पाठवला नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी एक घोळ निस्तरते. आपल्या बातम्यांत 'एकवीस तोफांची सलामी' आणि 'बंदुकीच्या फैरी' यांची सर्रास सरमिसळ होते. अंत्यसंस्काराला शिपाई रायफली आकाशाकडे रोखून फैरी झाडतात, ती वेगळी प्रथा. तोफांची सलामी वेगळी: तीत गोळा नसलेल्या दारूचे बार, ठरलेल्या संख्येत, ठरलेल्या अंतराने काढतात. पुढाऱ्याला मिळाल्या त्या फैरी होत्या. मामाच्या डोक्यात होत्या तोफा. माझ्या अर्जाच्या पहिल्या मसुद्यात दोन्ही होतं.

आता तोफा मुळात का उडवायच्या? जुन्या काळी तोफ एकदा उडाली की पुन्हा भरायला वेळ लागायचा. परक्या बंदरात शिरताना गलबत आपल्या तोफा आधीच रिकाम्या करून टाकायचं. अर्थ एवढाच, की आता आमच्या तोफेत काही नाही, आम्ही भांडायला आलेलो नाही. परंपरा सांगते की जहाज सात बार काढायचं आणि किल्ला एकाला तीन या हिशेबाने उत्तर द्यायचा, कारण जमिनीवर दारूचा साठा जास्त असायचा आणि समुद्रावर ती दमट होऊन लवकर खराब व्हायची. सात त्रिक एकवीस. पुढे जहाजांनाही ती अडचण राहिली नाही आणि दोन्हीकडून एकवीस हा आकडा रूढ झाला.

म्हणजे आज ज्याला आपण मोठेपणाची खूण समजतो, तिचा उगम 'माझे हात रिकामे आहेत बघ' असं दाखवण्यात आहे. मला हे वाचून मजा वाटली. मग थोडं वाईटही वाटलं, कारण पुढचा इतिहास मोठेपणाचाच आहे. समुद्रावर ज्याचं आरमार बलवान तो म्हणायचा, तू आधी तोफा रिकाम्या कर, मग मी बघतो. इंग्रजांनी दुबळ्या देशांच्या जहाजांना पहिली सलामी द्यायला लावली. बरोबरीची सलामी नंतर आली, देशादेशांच्या करारांतून. अमेरिकेने एकवीस तोफांची बरोबरीची सलामी मान्य केली ती १८७५ मध्ये.

शापाय सांगायचे तो आजचा रिवाज असा. परदेशी बंदरात युद्धनौका शिरते तेव्हा ती डोलकाठीवर त्या देशाचा झेंडा चढवते आणि २१ बार काढते. तोफा दोन्ही अंगांना असतात, एक इकडची, एक तिकडची. दोन बारांमध्ये पाच सेकंद. अधिकारी हातात घड्याळ घेऊन उभा असतो, आणि जुने तोफजी तेवढ्या लांबीचं एक वाक्य तोंडातल्या तोंडात म्हणत अंतर सांभाळतात. एक बार फुसका निघाला तर गणती चुकू नये म्हणून जादा तोफ तयार असते. एकवीस बारांमध्ये वीस अंतरं, म्हणजे शंभर सेकंद. शापाय म्हणायचे, या शंभर सेकंदांत बावीसावा बार काढलास तर तुझी नोकरी गेली आणि विसावर थांबलास तर देशाची अब्रू गेली.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते यानंतरचं. देशाच्या झेंड्याला दिलेली सलामी परत येते. जहाजाने २१ बार काढले की किनाऱ्यावरची तोफ २१ बार काढते. बाराला बार, ना एक कमी, ना एक जास्त. समोरचा देश केवढा, त्याचं आरमार किती, हा प्रश्नच येत नाही. पण राजाला किंवा राष्ट्रपतीला माणूस म्हणून दिलेली सलामी परत येत नाही. ती फक्त वर जाते. इंग्रजी नौदलाच्या रिवाजात ॲडमिरलला १७, व्हाइस ॲडमिरलला १५, रिअर ॲडमिरलला १३, कमोडोरला ११ तोफा. त्याखाली तोफ नाही.

थोडक्यात, एकाच तोफेचे दोन उपयोग. एक बरोबरी सांगतो, दुसरा पायरी सांगतो. माझं म्हणणं असं की आपण पहिला विसरलो आणि दुसऱ्याच्या मागे लागलो.

बरोबरीसाठी एकेक तोफ किती मोलाची असते ते बघा. १६ नोव्हेंबर १७७६. अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर करून पाचच महिने होत होते. त्यांचं 'अँड्र्यू डोरिया' हे जहाज कॅरिबियन समुद्रातल्या सेंट युस्टेशिअस या डच बेटावर पोचलं आणि त्याने १३ बार काढले. किल्ल्यावरचा डच गव्हर्नर योहानेस द ग्राफ कोड्यात पडला असणार. उत्तर दिलं तर इंग्रज खवळणार, नाही दिलं तर पाहुण्याचा अपमान. त्याने ११ बारांचं उत्तर दिलं. दोन कमी. पुढे १४ फेब्रुवारी १७७८ ला फ्रान्सच्या किनाऱ्यावर जॉन पॉल जोन्सच्या 'रेंजर'ने १३ बार काढले, फ्रेंच आरमाराने ९ परत केले. जोन्सने आधी घासाघीस करून बघितली होती, पण प्रजासत्ताकांना आम्ही एवढंच देतो असं उत्तर आलं, आणि त्याने ते घेतलं. त्याला कळलं होतं की आकडा कमी असला तरी उत्तर आलंय, म्हणजे समोरच्याने आपल्याला देश म्हणून ओळखलंय.

आता पायरीचा उपयोग बघायचा तर लांब जायला नको. आपल्या मंडळाच्या ई-अंकाचे वाचक बडोद्याला आहेत, इंदूर-ग्वाल्हेरला आहेत, हैदराबादला आहेत. इंग्रजांच्या राज्यात या सगळ्या गावांची किंमत तोफांत लावलेली होती. बादशहाला १०१, व्हाइसरॉयला ३१. संस्थानिकांत सर्वांत वरच्या २१ तोफांचे मानकरी पाचच: हैदराबाद, म्हैसूर, बडोदे, ग्वाल्हेर आणि काश्मीर. त्यातही ग्वाल्हेर आणि काश्मीरला कायमच्या २१ तोफा नंतर मिळाल्या. इंदूरच्या होळकरांना १९, पण स्वतःच्या हद्दीत २१. कोल्हापूरला १९. आमच्या सावंतवाडीला ९. आणि पाचशेहून जास्त संस्थानांपैकी बहुतेकांना एकही नाही. दोन तोफा वाढवून मिळाव्यात म्हणून राजेलोक अर्ज-विनंत्या करायचे, आणि खूश झालं तर सरकार 'व्यक्तिगत' म्हणून दोन वाढवून द्यायचं, त्या माणसाच्या हयातीपुरत्या.

त्यात बडोद्याचं उदाहरण मला विशेष वाटतं. तिथे सोन्या-चांदीच्या तोफा होत्या, संस्थान २१ तोफांचं, सगळं वैभव. तरी १८७५ मध्ये मल्हाररावांना इंग्रजांनी गादीवरून उतरवलं, तेव्हा यातलं काहीच मध्ये आलं नाही. त्यांच्यानंतर गादीवर आले ते सयाजीराव, नाशिककडच्या कवळाणे गावातला शेतकरी घरातला मुलगा. १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहासमोर त्यांनी मुजरा नीट केला नाही, पाठ फिरवली, म्हणून केवढा गदारोळ झाला. आज सयाजीरावांची आठवण शिक्षणासाठी आणि ग्रंथालयांसाठी निघते. त्यांना किती तोफा होत्या हे किती जणांना माहीत असतं?

आपल्या भाषेतल्या सगळ्यात प्रसिद्ध तोफा तर मानाच्या नव्हत्याच. १६६० मध्ये घोडखिंडीत बाजीप्रभू ज्या तोफांच्या आवाजाची वाट बघत होते, त्या विशाळगडावरून राजे सुखरूप पोचल्याची खबर देणार होत्या. हाक आणि ओ, एवढाच तो व्यवहार.

आम्हा ख्रिस्ती लोकांनी फार शहाणपण सांगू नये हेही कबूल करते. चर्चमध्येही ही पायऱ्यांची मोजणी होतीच. पहिल्या वर्गाचं मर्ण, दुसऱ्या वर्गाचं मर्ण. किती मेणबत्त्या, किती पाद्री, हे घराण्यावरून आणि पैशावरून ठरायचं. १९६३ मध्ये व्हॅटिकनच्या परिषदेने उपासनेबद्दलचा दस्तऐवज काढला आणि त्यात स्पष्ट म्हटलं की उपासनेत कुणा खासगी व्यक्तीला किंवा वर्गाला विशेष मान नको. धर्मपद आणि शासनाचे अधिकारी एवढा अपवाद ठेवला. म्हणजे पायरी पूर्ण गेली नाही, पण निदान पैशाची पायरी चूक आहे असं कागदावर आलं. शापायना वाजली ती घंटा आणि शेजारच्या भाटकाराला वाजली ती घंटा एकच होती. ही गोष्ट मला त्या दिवशी दिसली नव्हती.

यावर मामा म्हणेल, "मग काय, सगळं बंद करायचं? प्रजासत्ताकदिनाला राष्ट्रगीत सुरू झालं की सात तोफा त्या ५२ सेकंदांत २१ बार काढतात, तेव्हा तुझ्या अंगावर काटा येत नाही?" येतो. २०२३ पासून तिथे पंचवीस पौंडी इंग्रजी तोफांच्या जागी भारतीय १०५ मिलिमीटरच्या तोफा आल्या, तेव्हा शापायनी टीव्हीचा आवाज मोठा करायला लावला होता. ते सलामी देणं मी बंद करा म्हणत नाही. राष्ट्रपतिपदाला दिलेली सलामी आपण सगळ्यांना मिळून दिलेली असते. आणि लढाऊ दलात हुद्दे लागणारच, तिथे कोण कुणाचं ऐकणार हे ठरलेलं असावंच लागतं.

माझा आक्षेप आहे तो बंदराबाहेरच्या तोफांना. आपण प्रत्येक कार्यक्रमात सलाम्या मोजतो. या वर्षी मी एका साहित्यिक कार्यक्रमाला गेले होते. प्रमुख पाहुण्यांना शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि पुष्पगुच्छ. दुसऱ्या पाहुण्यांना स्मृतिचिन्ह नाही. तिसऱ्यांना नुसता पुष्पगुच्छ. आणि तीस वर्षं खुर्च्या मांडणाऱ्या, त्याच महिन्यात निवृत्त होणाऱ्या शिपाईकाकांना एक गुलाबाचं फूल, तेही सूत्रसंचालकाला शेवटी आठवलं म्हणून. एकवीस, एकोणीस, सतरा आणि मग शून्य. गुलाब घेतल्यावर काका वाकून सगळ्यांना नमस्कार करत होते, आणि व्यासपीठावरून एकानेही उठून परत नमस्कार केला नाही. मीही नाही. मी समोर बसून टाळ्या वाजवत होते.

म्हणून आपल्या मंडळाला माझी साधी सूचना आहे. आपल्या कार्यक्रमांत सगळ्यांना एकच द्या: एक पुस्तक. पाहुण्यांना तेच, शिपाईकाकांना तेच, माइकवाल्याला तेच. आणि ज्याचा सत्कार होतो त्याला दोन शब्द बोलू द्या, म्हणजे सलामी परत यायला जागा राहील.

अर्जाचं काय? अर्ज पाठवला असता तर मी मागत होते ती दुसऱ्या जातीची सलामी, पायरीवर एक बोट वर चढवणारी. ती पुढाऱ्याला मिळाली म्हणून आम्हाला पाहिजे होती, शापायना पाहिजे होती म्हणून नव्हे. त्यांना काय आवडायचं ते मला माहीत आहे. निवृत्तीनंतर ते वास्कोला माझ्या मावशीकडे राहायला यायचे आणि मुरगावच्या बंदराकडे बघत बसायचे. आमच्याकडचे कितीतरी तारवटी व्यापारी जहाजांवर आहेत. त्या जहाजांकडे सलामीच्या तोफा नसतात. वाटेत युद्धनौका दिसली की ती आपला झेंडा थोडा खाली घेतात, आणि रिवाज असा की युद्धनौकाही आपला झेंडा खाली घेऊन उत्तर देते, मग समोर कोळसा वाहणारं जुनाट जहाज का असेना. शापाय म्हणायचे, "ह्यो खरो नमस्कार. आवाज नाय, पण उत्तर येता."

मामाला मी हे सगळं सांगितलं. त्याला पटलं की नाही माहीत नाही. तो एवढंच म्हणाला, "बरं, मग अर्जाचा कागद फुकट गेला." फुकट नाही गेला. त्याच्या पाठीवर मी हा लेख लिहायला सुरुवात केली.