आजीची खोली कोणत्या पातळीवर?

अकोले तालुक्याच्या पश्चिमेस घर बांधायचे म्हणजे आधी उताराचा विचार करावा लागतो. राजूर सोडून भंडारदऱ्याकडे निघाले की सपाट जमीन दिसते ती केवळ भाताच्या खाचरांत, आणि तीही निसर्गाने दिलेली नसून पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या ताली घालून घडवलेली. त्या खाचरात कोणी घर बांधत नसे. घर चढावर, खाचर खाली, हा साधा व्यवहार होता. गेल्या दोन दशकांत मात्र घर बांधण्याची रीत पालटली. प्रथम जेसीबी बोलवायचा, डोंगराच्या कुशीत घाव घालून सपाट पट्टी काढायची, निघालेला मुरूम पुढे लोटून भराव करायचा आणि त्यावर मैदानी मुलखातल्यासारखे आरसीसीचे घर उभे करायचे. ज्या अगस्ती ऋषींच्या आश्रमामुळे अकोल्याला ओळख आहे, त्यांच्यासमोर विंध्य पर्वत नमला अशी आपली कथा सांगते. जेसीबीसमोर डोंगर नमत नाही, तो नुसता कापला जातो.

ही चर्चा स्थापत्यशास्त्राची वाटेल, पण तिच्या मुळाशी प्रश्न कुटुंबाचा आहे. आज या भागात घर बांधणारी कुटुंबे साधारण दोन प्रकारची. एक पाड्यावरचे, शासकीय घरकुल मंजूर झालेले. दुसरे शिक्षकी पेशातले किंवा मुंबई-नाशिकला नोकरी करून गावाकडे घर बांधू पाहणारे. दोहोंच्या घरात बहुधा एक वृद्ध माता असते. शहरात जाण्यास ती राजी नसते, आणि सुनेच्या स्वयंपाकघरात बसून राहणेही तिला नको असते. तिच्यासाठी ‘एक वेगळी खोली काढू’ असे सारेच म्हणतात. प्रत्यक्षात ती खोली कुठे निघते, हे पाहण्यासारखे आहे.

पाच फुटांस एक फूट उतरणाऱ्या जागेवर तीस फूट खोलीचे घर बांधले, तर पुढच्या आणि मागच्या टोकांत सहा फुटांचा फरक पडतो. उतार तीन फुटांस एक असेल तर हाच फरक दहा फुटांचा, म्हणजे पुरत्या एका मजल्याचा होतो. रस्ता वरच्या अंगाला असला की दिवाणखाना, स्वयंपाकघर, मुलाचे शयनगृह हे सारे रस्त्याच्या पातळीवर येते. खाली जी आयती पोकळी उरते तिच्यात दोन भिंती घातल्या, एक दार काढले की आजीची ‘स्वतंत्र’ खोली तयार! खर्च कमी, सोय उत्तम, मुलाच्या मनाला समाधान. परंतु त्या खोलीची मागची भिंत थेट मातीला टेकलेली असते. आषाढ-श्रावणात ती भिंत पाझरते. उजेड एकाच बाजूने येतो. रस्त्यावरून कोण आले, कोण गेले हे कळत नाही. आणि म्हातारपणी माणसाला जगाशी जोडणारा धागा तोच असतो.

शिवाय वर जायचे कसे? सहा इंचांची एक पायरी धरली तर सहा फुटांना बारा आणि दहा फुटांना वीस पायऱ्या होतात. पायऱ्यांऐवजी उतरंडीचा रस्ता करावा म्हटले, तर चाकाच्या खुर्चीसाठी मान्य प्रमाण बारास एक असे आहे. सहा फूट चढण्यासाठी बहात्तर फूट आणि दहा फुटांसाठी एकशेवीस फूट लांबी लागेल. एवढी जागा कोणाच्याच अंगणात नसते. याचा अर्थ उघड आहे. उतारावरच्या घरात वृद्धांची खोली कुठे असावी हे नंतर दुरुस्त करता येत नाही. ते जोत्याच्या आखणीतच ठरते. ज्या पातळीवरून रस्ता, शौचालय आणि सकाळचे ऊन ही तिन्ही पायरीविना गाठता येतात, ती पातळी आजीची. मग रस्ता वरून जावो की खालून. उरलेल्या पातळीवर तरुणांनी चढावे-उतरावे, धान्य ठेवावे, पाहुणे उतरवावेत.

जुन्या घराने हा प्रश्न कसा सोडवला होता? महादेव कोळी आणि ठाकर समाजांची जुनी घरे पाहावीत. लाकडी मेढींवर उभा सांगाडा, कारवीच्या कुडाला शेणमातीचा गिलावा, वर गवत किंवा कौले, पुढे पडवी, आत चूल आणि एका अंगाला गुरे. घराची लांबी उताराला आडवी, रुंदी बेताची. त्यामुळे डोंगर फारसा कापावा लागत नसे. म्हातारा-म्हातारीची जागा पडवीत किंवा पडवीलगतच्या खणात असे. मुलगा कर्ता झाला, सून रुळली, की पुष्कळदा थोरली माणसे त्याच छपराखाली आपली वेगळी चूल मांडत. शहरी नजरेला वेगळी चूल म्हणजे भांडण वाटते. ते नेहमीच खरे नाही. आपल्या हाताने, आपल्या वेळेला, आपल्या चवीचे दोन घास शिजवून खाणे हे म्हातारपणीचे मोठे स्वातंत्र्य आहे, आणि नातवंडे दोन्ही चुलींवर जेवतात. संसाराच्या किल्ल्या पुढच्या पिढीकडे देऊन एक पाऊल मागे सरणे, पण घर न सोडणे, हा वानप्रस्थाचा या मातीतला अर्थ म्हणता येईल.

गंमत अशी की जनगणनेच्या व्याख्येत कुटुंब म्हणजे एकत्र राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी माणसे. म्हणजे पडवीतल्या आजीची चूल वेगळी मांडली गेली की कागदावर तिचे कुटुंब वेगळे. घर मात्र एकच. कागदाला जे दोन दिसते ते छपराला एक वाटते, आणि योजनांचे आराखडे कागदावरून होतात.

घरकुलाचेच पाहा. प्रधानमंत्री आवास योजनेच्या २०१६ साली सुरू झालेल्या ग्रामीण भागात घराचे किमान क्षेत्रफळ वीसवरून पंचवीस चौरस मीटर करण्यात आले. आदिवासींसाठीच्या शबरी योजनेतले २६९ चौरस फूट म्हणजे तेवढेच. कुडाच्या घरात पावसाळे काढलेल्यांना पक्के छप्पर मिळाले, ही लहान गोष्ट नव्हे. सुरुवातीच्या निकषांत सपाट भागासाठी १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागासाठी १ लाख ३० हजार रुपये धरले होते. दहा हजारांच्या या फरकात वाहतूक धरायची, की ताल, की निचरा? आणि पंचवीस चौरस मीटरांत दोन खण व स्वयंपाकाची जागा बसवल्यावर म्हातारी निजते कुठे, याचे उत्तर नकाशात नसते. ते लाभार्थीच शोधतो. नव्या घरकुलाशेजारी जुन्या घराचा एक तुकडा उभाच ठेवतो आणि आई तिथे राहते. अधिकाऱ्याला तो अडगळीचा वाटतो. खरे तर घराच्या नकाशातला राहून गेलेला भाग तोच आहे.

म्हणून डोंगराळ तालुक्यांसाठी घरकुलाचा निराळा नमुना हवा. लांबट, उताराला आडवा, आणि पुढे पुरेशी रुंद पडवी असलेला. पडवीच्या एका टोकाला आठ बाय दहाचा खण, त्याला स्वतःचे दार, चुलीचा ओटा आणि पायरीविना गाठता येणारे शौचालय. मंजूर रकमेत तो बसणार नसेल, तर ज्या घरात साठी ओलांडलेले माणूस आहे तिथे त्या खणापुरते वाढीव साहाय्य द्यावे. शासनाला हे अवघड नाही.

जपानमध्ये १९७५ साली एका गृहनिर्माण कंपनीने ‘दोन पिढ्यांचे घर’ बाजारात आणले. छप्पर एक, स्वयंपाकघरे दोन. सिंगापूरच्या सरकारने २०१३ पासून तीन पिढ्यांसाठी खास सदनिका बांधायला घेतल्या. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांताने २००९ मध्ये घराच्या आवारात साठ चौरस मीटरपर्यंतचे दुसरे छोटे घर बांधण्याची वाट सोपी केली. तिकडे त्याला ‘ग्रॅनी फ्लॅट’च म्हणतात. एकेकटे राहण्याचा पुरेसा अनुभव घेतल्यावर हे समाज आजीच्या खोलीकडे वळले. आपल्याकडे ती खोली होती, आणि आपण ती नकाशातून वगळत आहोत.

आता डोंगराविषयी. घाटघरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच तालुक्यात, पन्नास-साठ किलोमीटर पूर्वेस असलेल्या अकोले गावात पडतो त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका. दोन्हीकडे गवंडी मात्र एकाच पद्धतीने जोते घालतो! अर्धे घर कापीव कठीण जमिनीवर आणि अर्धे ताज्या भरावावर आले की भराव बसतो, कठीण भाग बसत नाही, आणि दोहोंच्या सांध्यावर भिंत तडकते. भराव करायचाच तर सहा-आठ इंचांचे थर पाणी मारून ठोकले पाहिजेत. घराच्या वरच्या अंगाला पाणी अडवून बाजूला काढणारा चर हवा. मागे काँक्रीटची भिंत घातली तर तिला निचऱ्याची भोके आणि पाठीमागे खडीचा थर हवाच. नाहीतर ती भिंत माती नव्हे, पाणी पेलत उभी राहते. जुनी सुक्या दगडांची ताल हे आपोआप करीत असे, कारण तिच्या फटींतून पाणी वाहून जाई. शोषखड्डा कधीही घराच्या वर असू नये. हे सारे स्वस्त उपाय आहेत, फक्त ते पायाच्या आधी करावे लागतात.

जुन्नर ओलांडले की आंबेगाव तालुका लागतो. तिथल्या माळीण गावावर ३० जुलै २०१४च्या सकाळी डोंगर कोसळला आणि दीडशेच्या वर माणसे गाडली गेली. त्यानंतर २०२१ साली महाडजवळ तळिये, २०२३ साली खालापुरात इर्शाळवाडी. प्रत्येक ठिकाणची कारणे सारखी नव्हती, हे खरे. पण माळीणचे पुनर्वसन झाल्यावर २०१७च्या पहिल्याच पावसात नव्या गावठाणातही रस्ते आणि भराव खचले, यातून भरावावरच्या घाईच्या बांधकामाविषयी काय घ्यायचे ते घेता येते. लॉरी बेकर हे मूळचे इंग्रज वास्तुविशारद सोळा वर्षे कुमाऊंतल्या पिथौरागडला राहिले. पहाडी माणूस जवळचा दगड-लाकूड घेऊन उताराशी न भांडता कसे बांधतो, हे तिथे पाहून ते शिकले. पुढे तिरुवनंतपुरममध्ये त्यांनी स्वतःचे घरही खडकाळ टेकडीच्या उतारावर, जमिनीच्या चढउतारांप्रमाणे पायरीपायरीने बांधले. पिथौरागडच्या गवंड्याला जे ठाऊक होते ते अकोल्याच्या गवंड्यालाही ठाऊक होते. त्याला विचारणारे कमी झाले.

एक नवी अडचण भंडारदरा परिसरात दिसते. मे-जूनमध्ये काजवे पाहायला आणि पावसाळ्यात धबधबे पाहायला शहरी माणसांची रीघ लागते. घरातली चांगली खोली पर्यटकाला भाड्याने देणे हा प्रामाणिक रोजगार आहे, आणि ज्या तरुणांना एरवी नारायणगावच्या बाजारात मजुरीसाठी उभे राहावे लागते त्यांना तो मिळालाच पाहिजे. पण आजीसाठी म्हणून काढलेली, रस्त्यालगतची, स्वतंत्र दाराची खोली पर्यटकालाही नेमकी हवी असते. दोन-तीन हंगामांत आजी खालच्या अंधाऱ्या खणात जाते. पर्यटकाला चार पायऱ्या उतरायला लावले तर तो नाराज होत नाही. उलट खालून दरी अधिक चांगली दिसते. खोल्यांची ही अदलाबदल मुलाने वेळीच करावी.

घर आईच्या नावावर असेल आणि ते मुलाकडे द्यायचे असेल, तर २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम २३ वाचून द्यावे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत मागता येते. मात्र ती अट दस्तात स्पष्ट लिहिलेली बरी. आपल्या घरात असले काही लिहायचे का, असा संकोच होतो. लिहिल्याने प्रेम कमी होत नाही.

आणि त्या खोलीत ठेवायचे काय? कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती गावरान बियाणे जपल्याबद्दल. असे बियाणे पिढ्यान् पिढ्या जपले गेले ते घरातल्या थोरल्या बाईच्या कोपऱ्यात, राख लावून, गाडग्यांत आणि कणगीत, चुलीच्या उबेला. तेव्हा आजीच्या खणात पलंगाबरोबर एक कोरडी फळी, एक चूल आणि धूर जायला वर एक झरोका एवढे आखणीतच धरावे. पाऊस उघडला की दिवाळीनंतर बांधकामे सुरू होतात. गवंडी पाण्याची नळी घेऊन पातळी काढू लागेल तेव्हा आजीला जागेवर न्यावे, रस्त्यापासून खुणेपर्यंत चालवून पाहावे, आणि ती जिथे दम खायला थांबेल तिथे पहिली खुंटी ठोकावी.