कचेऱ्या गावाबाहेर, मग पेठेत येणार कोण?




धारवाडला हुबळीपासून वेगळी महापालिका देण्याचा निर्णय कर्नाटक मंत्रिमंडळाने जानेवारी 2025 मध्ये घेतला. 1962 पासून एकाच पालिकेत नांदलेल्या या जोडगावांची वाटणी योग्य की अयोग्य, हा वाद बाजूला ठेवू. नवी पालिका म्हटली की जुन्या बाजारपेठेच्या कायापालटाची भाषा आलीच. मग रस्ता रुंदीकरण येते, बहुमजली वाहनतळ येतो, व्यापारी संकुल आणि शोभेचे दिवेही येतात. या यादीत नसलेल्या एका गोष्टीसाठी हे पत्र. पेठ बांधकामावर जगत नाही. चार दुसऱ्या कामांसाठी गावात आलेल्या माणसांवर ती जगते, आणि ती माणसे आपण गेली वीसएक वर्षे गावाबाहेर वळवत आहोत.

मी धारवाडजवळच्या बेलूरला राहतो, त्यामुळे हे रोज डोळ्यांसमोर घडते. पुणे-बंगळूर रस्त्यालगतच्या आमच्या औद्योगिक वसाहतीत टाटांचा बसबांधणीचा कारखाना आहे. उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ 2008 साली याच परिसरात आले आणि 2013 मध्ये ते कायम झाले. आयआयटीचे वर्ग 2016 मध्ये भरू लागले, तेही इथल्या वाल्मी या जल व भूमी व्यवस्थापन संस्थेच्या आवारात. पुढे आयआयटी चिक्कमल्लिगवाडला स्वतःच्या जागेत गेली, म्हणजे पुन्हा गावाबाहेरच. हुबळीचीही तीच तऱ्हा. तिथली न्यायालये 2018 मध्ये मध्यवस्तीतून उठून तिम्मसागरच्या नव्या सातमजली संकुलात गेली.

यातला एकेक निर्णय घेतला तर खोट काढता येणार नाही. उच्च न्यायालयाला किंवा आयआयटीला लागते तेवढी जागा पेठेत कुठून मिळणार? पण या सगळ्यांची बेरीज कोणी मांडली नाही. गदगचा किंवा बागलकोटचा पक्षकार हायवेवर उतरतो. टपरीवर चहा घेतो, झेरॉक्स काढतो, वकिलांना भेटतो आणि समोरूनच परतीची गाडी धरतो. धारवाडला येऊन गेल्याचे तो घरी सांगेल, पण पेठेतला सुभाष रोड त्याने पाहिलेलाही नसतो. न्यायालय गावात असते तर याच माणसाने घरच्यांसाठी कापड घेतले असते, चप्पल शिवून घेतली असती, जाताजाता लाइन बाजारातून पेढ्याचा पुडा नेला असता. भौगोलिक मानांकन मिळालेल्या त्या पेढ्यासाठी माणसे वाट वाकडी करून येतात, हे खरे. पण सगळ्या पेठेला पेढ्याचे नशीब नसते. कापडवाला, भांडीवाला, घड्याळ दुरुस्त करणारा हे जाता-येता होणाऱ्या गिऱ्हाइकावरच तगतात.

हुबळी-धारवाडच्या ‘चिगरी’ या जलद बससेवेकडूनही हाच धडा घ्यायला हवा. 2018 मध्ये ती धावू लागली आणि हुबळी-धारवाड अंतर सुसह्य झाले. तिच्यावर होणारी सगळी टीका मला पटत नाही. पण वेगवान रस्ता गिऱ्हाईक आणतो तसा घेऊनही जातो. धारवाडात येण्याचे कारण उरले नाही, तर तीच बस धारवाडकराला हुबळीच्या कोप्पीकर रोडवर नेऊन सोडते. वाहतूक सुधारली की पेठ आपोआप सुधारते, हा भ्रम आहे.

जे वाचवायचे आहे ते किरकोळ नाही. सुभाष रोडवरच्या एका इमारतीच्या माडीवर मनोहर ग्रंथमाला आहे. 1933 मध्ये सुरू झालेल्या या प्रकाशनाने गिरीश कार्नाडांचे ‘ययाति’ हे नाटक छापले. कवी द. रा. बेंद्रे, समीक्षक कीर्तिनाथ कुर्तकोटी, कार्नाड या माडीवर गप्पांना बसत. बेंद्र्यांची घरची भाषा मराठी, लेखन कन्नड. आपले जी. ए. कुलकर्णी याच गावात इंग्रजी शिकवत मराठी कथा लिहीत होते. असे गाव ‘सांस्कृतिक केंद्र’ नावाची इमारत बांधून तयार होत नाही. खाली दुकान, वर बिऱ्हाड किंवा बैठक, आणि दोन्हींत माणसांचा राबता, अशा पेठेत ते घडते. आज याच रस्त्यावर संध्याकाळी मान वर करून पाहा. तळमजला उजळलेला असतो, वरच्या कितीतरी खिडक्या अंधारात. खोल्यांचे गोदाम झाले आहे.

म्हणून पुढच्या 20 वर्षांसाठी तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, नव्या महापालिकेचे मुख्यालय पेठेपासून पायी दहा मिनिटांच्या आत असावे, आणि लोकांचा रोजचा संबंध येणारी कोणतीही कचेरी यापुढे बाहेर जाऊ नये. घरपट्टी, जन्म-मृत्यूचे दाखले, वीजबिल, भूमापन यांना माळरान लागत नाही, जुन्या इमारतीचे दोन मजले पुरतात.

दुसरी, दुकानावरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाला घरपट्टीत ठळक सवलत द्यावी आणि गोदामाला ती नाकारावी. जुनी घरे दुरुस्त करायला परवानगी लवकर मिळावी. पेठेत माणूस राहिला, की रात्री नऊनंतरही रस्ता जागा राहतो आणि किराणावाला टिकतो.

तिसरी, चालणाऱ्याला आणि रस्त्यावर विकणाऱ्याला हक्काची जागा मिळावी. फेरीवाल्यांसाठीच्या 2014 च्या केंद्रीय कायद्यानुसार सर्वेक्षण झाल्याशिवाय कोणालाही उठवता येत नाही. तेव्हा सुशोभीकरणाच्या आधी ते सर्वेक्षण व्हावे. जोडीला, कारखान्यांची पाळी सुटते त्या वेळी बेलूरहून थेट पेठेत जाणाऱ्या बस हव्यात. जिथे बस बांधल्या जातात तिथल्या कामगाराला बाजाराला जायला दुचाकी काढावी लागते, हे बरे दिसत नाही.

यावर व्यापारी म्हणतील, चालणाऱ्यांसाठी गाड्या अडवल्या तर गिऱ्हाईक येणार नाही. भीती खोटी नाही, त्यांचे पोट त्यावर आहे. पण पुण्यासारख्या वाहनवेड्या शहराने 11 डिसेंबर 2021 रोजी लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर पादचाऱ्यांसाठी मोकळा ठेवला होता. तसाच प्रयोग सुभाष रोडवर महिन्यातल्या एका रविवारी करावा. त्या दिवसाचा गल्ला दुकानदारांनीच मोजावा आणि पुढचे त्यांनीच ठरवावे. दुकानासमोर उभी राहिलेली एक मोटार चार-सहा पायी गिऱ्हाइकांची जागा अडवते, हे त्यांना कोणी शिकवायला नको.

आणखी एक. 20 वर्षांच्या योजनेत चार नगरसेवक मंडळे येतील-जातील. प्रत्येक मंडळ स्वतःच्या नावाची कोनशिला मागणार. म्हणून मोजमाप आजच ठरवा. पेठेत किती कुटुंबे राहतात, दिवसाला किती माणसे पायी येतात, किती गाळे बंद आहेत, हे तीन आकडे दरवर्षी जाहीर करा. किती कोटी खर्च झाले हा आकडा त्यानंतर सांगा.

नव्या पालिकेसाठी जागा शोधणे आलेच. हायवेलगतचा ऐसपैस भूखंड कोणीतरी सुचवीलच. स्वस्त, सोयीचा, पार्किंगला मुबलक. धारवाडच्या लोकप्रतिनिधींनी आणि व्यापाऱ्यांनी त्याच वेळी एकमुखाने नाही म्हणावे. मुख्यालय एकदा का बाहेर गेले, तर पेठेच्या पुनरुज्जीवनाचा आराखडा पेठेपासून दूर बसलेली माणसे लिहितील, आणि तो तसाच उतरेल.


आपला,
एक वाचक
बेलूर (धारवाड)