जुनं एस्प्रेसो मशीन घेताय? आधी बॉयलरचा धातू ओळखा



कॅफे सुरू करायचाय, बजेट कमी आहे आणि कोणीतरी जुनं इटालियन मशीन दाखवतंय. तुम्ही लगेच विचारता, "कंपनी कोणती? कितीला देणार?" माझं स्पष्ट मत आहे, त्याआधी विचारा, "बॉयलर कशाचा आहे?" आणि उत्तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका.

बॉयलर म्हणजे मशीनचं काळीज. दुधाला वाफ देणाऱ्या बॉयलरमध्ये साधारण १ ते १.५ बार दाब आणि १२० अंशांच्या आसपास तापमान असतं. तो तांबं, पितळ, स्टेनलेस स्टील किंवा अ‍ॅल्युमिनियमचा असू शकतो. त्यावर तुमची साफसफाई आणि दुरुस्ती, दोन्हींचा खर्च ठरतो.

"जुनं इटालियन म्हणजे तांबंच" हे विक्रेत्याचं वाक्य. ऐका आणि सोडून द्या. ला पावोनीच्या हँडलवाल्या युरोपिकोलाचा बॉयलर पितळेचा, तर गॅजिया क्लासिकच्या जुन्या मॉडेलचा छोटा बॉयलर अ‍ॅल्युमिनियमचा. दोन्ही इटालियनच! वरच्या चकाकीवरही जाऊ नका. १९६१ च्या फाएमा ई-६१ चा चकचकीत ग्रुपसुद्धा आतून पितळ आहे, वर फक्त क्रोमचा मुलामा.

मग ओळखायचं कसं? भंगारवाला ओळखतो तसंच. मशीन बंद, थंड आणि रिकामं करून झाकण काढायला सांगा.

१. लोहचुंबक लावा. घट्ट चिकटला तर लोखंड किंवा साधं स्टील. नाही चिकटला तर लगेच तांबं समजू नका. पितळ, अ‍ॅल्युमिनियम आणि बहुतेक चांगलं स्टेनलेसही चुंबकाला दाद देत नाही.

२. कानस हलकेच फिरवा. मालकाला विचारून, फ्लँजच्या जाड कडेवर. पातळ पत्र्यावर किंवा जोडावर कधीच नाही. आतून लालसर निघालं तर तांबं, पिवळं तर पितळ. पांढरट आणि मऊ लागलं तर अ‍ॅल्युमिनियम, पांढरट पण कडक तर स्टेनलेस.

३. आत बघा. हीटर काढला की आतला खरा रंग दिसतो. पितळेवर गुलाबी डाग असतील तर सावध. जस्त निघून गेलंय आणि धातू ठिसूळ झालाय. हीटर परत बसवताना गॅस्केट नवीनच टाका.

तरीही शंका असेल तर धातू तपासणाऱ्या लॅबमध्ये किंवा मोठ्या भंगार व्यापाऱ्याकडे एक्स-रे किरणांवर चालणारं हँड मशीन असतं. मिश्रधातू काही सेकंदांत कळतो. पण मुलामा असेल तर खरवडलेल्या जागेवरच धरा, नाहीतर ते मुलाम्याचंच उत्तर देईल.

एवढी खटपट कशासाठी? बोअरवेलचं जड पाणी असेल तर क्षाराचा थर बसणारच. सायट्रिक अ‍ॅसिडचं सौम्य द्रावण तांबं, पितळ, स्टेनलेसला योग्य वेळ ठेवलं तर चालतं. तेच अ‍ॅल्युमिनियममध्ये जास्त वेळ राहिलं तर धातूच खातं. बाथरूमचं अ‍ॅसिड स्टेनलेसलाही भोकं पाडतं. आणि जुन्या पितळेत शिसं असू शकतं. आपल्या आज्या कल्हई नसलेल्या पितळेत आमटी करत नव्हत्या, आठवतंय ना? आंबट आणि पितळ यांचं जमत नाही. म्हणून अ‍ॅसिडने साफ केल्यावर बॉयलर अनेकदा धुवा आणि ते पाणी फेकून द्या.

दुरुस्तीचंही तेच. तांब्याचं ब्रेझिंग करणारा कारागीर तुलनेनं सहज मिळतो. पातळ अ‍ॅल्युमिनियमला दाब सहन करेल असा जोड देणारा शोधावा लागतो.

काही जण म्हणतील, "सर, कॉफीची चव तर सारखीच येते!" मान्य. पण तुम्ही चव विकत घेत नाही, रोज चालणारं यंत्र घेताय. घरच्या चार कपांसाठी अ‍ॅल्युमिनियम ठीक. दिवसभर गिऱ्हाईक करायचं असेल तर मी तांबं, पितळ किंवा स्टेनलेसच घ्या म्हणेन. आणि धातू कोणताही असो, दाबाची चाचणी आणि सेफ्टी व्हॉल्व्हची तपासणी जाणकाराकडून करून घ्याच.

झाकण उघडायला नकार देणारा विक्रेता भेटला, तर हात जोडा आणि दुसरं मशीन बघा.