'फ' तुकडीचा फीडबॅक

कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरची धास्ती घेतलेल्यांनी माफ करावं, पण सुरुवात तिथूनच करतो. आउटपुट परत इनपुटला जोडलं की पॉझिटिव्ह फीडबॅकचा काय गोंधळ होतो, ते गॅदरिंगला माइक स्पीकरसमोर आल्यावर आपण सगळ्यांनीच ऐकलंय. आमच्या शाळेत हे सर्किट दरवर्षी आठवीच्या निकालानंतर जोडलं जायचं. मार्कांप्रमाणे तुकड्या पाडायच्या. 'अ'मध्ये हुशार, आणि 'फ'मध्ये काठावर पास झालेले, मारामाऱ्या करणारे, तंबाखू खाणारे, तास बुडवणारे असे सगळे एका खोलीत. का, तर बाकीच्यांचं वाटोळं नको!

पोरं बिघडतात त्याला घरची कारणं असतात हे मान्य. बापाचा मार, सततची भांडणं, अभ्यासात मागे पडल्याची लाज. पण तेरा-चौदाव्या वर्षी या सगळ्याइतकीच मोठी वाटणारी आणखी एक गोष्ट असते – मित्र हसले का?

हे मी मनाचं सांगत नाही. अमेरिकेत ऑरेगॉनमध्ये थॉमस डिशन या मानसशास्त्रज्ञाने मित्रांच्या जोड्यांना गप्पा मारायला बसवून व्हिडिओ शूटिंग केलं. नियम मोडल्याच्या बढायांना ज्यांचे मित्र हसून दाद देत होते, त्यांचे उद्योग पुढच्या दोन वर्षांत वाढलेले दिसले. 1999 साली त्याने सहकाऱ्यांबरोबर आणखी धक्कादायक गोष्ट मांडली : वाह्यात मुलांना सुधारण्यासाठी एकत्र आणलं, तर कधीकधी ती जास्तच बिघडतात. मार्गदर्शक बोलतो तासभर, आणि पोरं एकमेकांकडून शिकतात उरलेला वेळ!

आमच्या 'फ' तुकडीत तर मार्गदर्शकही नव्हता. एक सर वर्गात शिरतानाच 'काय रे फुकट तुकडी' म्हणायचे. सहा महिन्यांत पोरांनी ते नाव अभिमानाने बेंचवर करकटकाने कोरलं.

माझ्या बाकावरचा एक मित्र बीजगणितातल्या चार मार्कांमुळे तिकडे गेला. तोवर त्याने कुणाची पेन्सिलसुद्धा ढापली नव्हती. दिवाळीनंतर तो सायकलींच्या ट्यूबमधली हवा सोडण्यात पटाईत झाला, मग कॅन्टीनच्या गल्ल्यापर्यंत मजल गेली. दहावीला तो बसलाच नाही. डोकं माझ्यापेक्षा चांगलं होतं, हे आजही सांगतो.

खरी चीड येते ती पुढच्या गोष्टीची. टेरी मॉफिट या संशोधिकेने 1993 मध्ये न्यूझीलंडमधल्या अभ्यासाच्या आधारे मांडलं, की या वयात उनाडक्या करणाऱ्यांपैकी बहुतेक जण मोठे झाल्यावर आपोआप थांबतात. जन्मभर तसेच राहणारे थोडेच. म्हणजे शाळेने काहीही केलं नसतं, तरी 'फ'मधली बरीच पोरं मार्गाला लागली असती. पण शाळा सोडल्याचा दाखला एकदा हातात पडला की थांबून तरी परत यायचं कुठे?

सत्तर पोरांच्या वर्गात चार दंगेखोर सांभाळणं शिक्षकाला सोपं नाही, हे कबूल. पण चार जण सत्तरांत विखुरलेले असले तर त्यांच्या विनोदावर हसणारे कमी मिळतात. आपल्या वर्कशॉपच्या बॅचेसच बघा ना! त्या आडनावाच्या आद्याक्षरावर पडतात, मार्कांवर नाही. टॉपर आणि चार केटीवाला शेजारी उभे राहून फायलिंग करतात, आणि आजवर कुठल्या टॉपरला त्यामुळे केटी लागल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.