आधीं निदान, मग दुरुस्ती

श्रावणांत यवतमाळास पावसाची झड लागली म्हणजे दांडीवरचीं धोतरें दोन-दोन दिवस दमट राहतात. म्हणून आमच्या घरींहि धुलाईयंत्राच्या ड्रायरचा आश्रय करावा लागतो. परवां तो नुसता गुरगुरे, फिरेना. पुतण्या पेचकस घेऊन धांवला. मीं त्यास आधीं प्लग काढावयास लाविलें. ‘माधवनिदान’ या वैद्यकग्रंथांत चिकित्सा नाहीं, केवळ रोगांची ओळख आहे. यंत्राच्या बाबतींतहि तोच क्रम बरा.

ड्रायर अगदींच मुका असल्यास वीज, टायमर व झाकण पाहावें. झाकण नीट न बसल्यास आंतील कळ प्रवाह तोडते. तो थडथडत असल्यास कपडे पुन्हां सारखे दाबून भरावे व वर जाळीची चकती ठेवावी. गुरगुरून फिरत नसल्यास, प्लग काढूनच, ड्रम हातानें फिरवून पाहावा. आमच्या ड्रमखालीं हातरुमाल अडकला होता. चकती ठेवली असती तर हें घडतें ना. ड्रम मोकळा असूनहि फिरत नसल्यास दोष बहुधा कपॅसिटरचा. त्यांत प्लग काढल्यावरहि वीज सांठून राहूं शकते; तें काम जाणत्या कारागिराचें.

झाकण उघडतांच ड्रम लवकर थांबला पाहिजे. न थांबल्यास ब्रेक बिघडला असें समजावें व दुरुस्तीपर्यंत यंत्र बंद ठेवावें. घरांत लेंकरें असतात. यंत्रास हात लावतां झिणझिण्या आल्या तर अर्थिंग तपासून घेतल्यावांचून तें चालवूं नये. धोतर एक दिवस उशिरां वाळलें, तर कांहीं बिघडत नाहीं.