उतारावर घोटा का मुरगळतो?

मुळशी तालुक्यातील कासारसाई धरणाच्या परिसरात सुट्टीच्या दिवशी अनेक कुटुंबे सहलीस जातात. चढण चढताना दम लागतो. पाय मात्र पुष्कळदा उतरताना मुरगळतो. निसरडी वाट हे त्याचे एक कारण. दुसरे घोट्याच्या रचनेतच आहे.

नडगीचे हाड व त्याच्या बाहेरच्या बाजूचे बारीक हाड मिळून खाली एक खोबण तयार होते. तीत टॅलस नावाचे हाड बसते. ते पुढे रुंद, मागे अरुंद असते. चवडा वर उचलला की रुंद भाग खोबणीत घट्ट बसतो. चवडा खाली झुकला की अरुंद भाग तेथे येतो आणि सांधा सैल पडतो. उतारावर चवडा नेमका खाली झुकलेला असतो. उंच टाचेच्या पादत्राणांतही तेच घडते.

पाऊल आतच का वळते? आपले दोन्ही घोटे बोटांनी चाचपून पाहा. बाहेरचा घोटा अधिक खाली उतरलेला आढळेल. तो पावलास बाहेर वळू देत नाही. आतल्या बाजूचा अस्थिबंध रुंद व बळकट असतो. बाहेरच्या बाजूस तीन सुटे अस्थिबंध असतात. त्यांतील पुढचा सर्वांत दुबळा. चवडा झुकलेला असताना ताण त्याच्यावरच येतो, म्हणून बहुधा प्रथम तोच दुखावतो.

हाडांची घडण बदलता येत नाही. परंतु पायाच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू पाऊल सावरून धरतात, आणि त्यांना बळ देणे आपल्या हाती आहे. दुखापतीनंतर पावलाची तोल जाणण्याची शक्ती मंदावते. त्यामुळे तोच पाय पुन्हा मुरगळतो. वेदना ओसरल्यावर भिंतीजवळ एका पायावर तीस सेकंद उभे राहण्याचा सराव रोज करावा.

मुरगळलेला घोटा तेल लावून चोळू नये. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडलेली कसोटी ध्यानात ठेवावी: चार पावले टाकता येत नसतील, अथवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबल्यास दुखत असेल, तर एक्स-रे काढून घ्यावा. ‘नुसता मुरगळला आहे’ असे म्हणून अस्थिभंग अंगावर काढू नये.

आणि उतरताना? पावले लहान टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा.